इन्चार्ज सिस्टर, नातेवाइकांना न दिसणाऱ्या कामाबद्दल आभार

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

अभिप्रायाच्या वहीत रुग्णांचे नातेवाईक तुमच्याबद्दल लिहितात तेव्हा ‘प्रेमळ’, ‘हसतमुख’, ‘धीर देणाऱ्या’ हे शब्द हमखास येतात. खोटं त्यात काही नाही. पण आम्ही तुमच्याच वॉर्डातल्या स्टाफ सिस्टर आणि निवासी डॉक्टर. तुमची माया आम्हाला ड्यूटी चार्टमध्ये दिसते, औषधांच्या कपाटात दिसते, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवरच्या एका रकान्यात दिसते. त्याबद्दल वहीत कोणी लिहिणार नाही, म्हणून आम्हीच लिहितो आहोत.

तुमच्या वॉर्डात ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला द्यायची रुग्णांची माहिती, टेबलाशी बसून दिली जात नाही, खाटेपाशी उभं राहून दिली जाते. देणारी आणि घेणारी दोघी रुग्णाच्या हातातला नावाचा पट्टा वाचतात, सलाईन कुठवर आलं, पंप किती मिलीवर आहे, सुईची जागा लाल किंवा सुजलेली आहे का, युरोबॅगमध्ये लघवी किती, कोणता रिपोर्ट यायचाय आणि आला की कोणाला कळवायचा, हे सगळं बघतात. सही त्यानंतर. टेबलावरच्या ओव्हरमध्ये ‘सलाईन चालू’ एवढंच कळतं. ते शिरेत चाललंय की कातडीखाली, हे खाटेपाशी गेल्याशिवाय कळत नाही. शिवाय रुग्ण ऐकत असतो. ‘सिस्टर, या औषधानं मागे अंगावर पुरळ आलं होतं’ ही माहिती पुष्कळदा इथेच बाहेर पडते, केसपेपरवर ती नसते.

खाटांची वाटणीही तशीच. पहिल्या आठ एकीला आणि पुढच्या आठ दुसरीला, हा सोपा हिशोब. पण त्यात ऑक्सिजनवरचे, ऑपरेशनहून नुकतेच आलेले आणि भ्रम झालेले सगळे एकीच्याच वाट्याला येऊ शकतात. तुम्ही आधी फेरी मारता आणि कोण किती आजारी आहे ते पाहून वाटता. नव्या मुलीच्या खाटा अनुभवी सिस्टरच्या शेजारी असतात. कोणाला रक्त चढवायचं असेल तर पहिली १५ मिनिटं सिस्टर तिथून हलणार नाही आणि तेवढ्या वेळात तिच्या बाकीच्या खाटा कोण बघणार, हे पिशवी लावण्याआधी ठरलेलं असतं. रक्तगट चुकल्याची जीवघेणी प्रतिक्रिया बहुतेकदा सुरुवातीच्या थोड्याशा रक्तातच दिसते: थंडी वाजणं, ताप, कंबरेत दुखणं, जीव घाबरणं. हे सगळ्याच सिस्टर शिकून आलेल्या असतात. तिथे थांबायला माणूस मोकळा ठेवणं मात्र इन्चार्जच्याच हातात असतं.

आता तो टीपीआरचा रकाना. नाडी, बीपी, ऑक्सिजनचे आकडे यंत्र देतं. श्वास मोजायला वॉर्डात बहुधा यंत्र नसतं, म्हणून सगळ्यांच्या नावापुढे २० लिहून मोकळं होण्याची खोड जगभरच्या वॉर्डांना आहे. ओळीनं वीस-वीस दिसले की तुम्ही चार्ट घेऊन स्वतः खाटेपाशी जाता आणि पूर्ण एक मिनिट मोजता, तेही नाडी बघत असल्यासारखा हात धरून. कारण आपला श्वास कोणी मोजतंय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. न्यूमोनियात, सेप्सिसमध्ये (संसर्ग अंगभर भिनतो तेव्हा) बीपी पडण्याच्या बऱ्याच आधी श्वास वाढू लागतो. रुग्ण किती बिघडतोय हे नाडी, बीपी, श्वास अशा आकड्यांवरून ठरवणाऱ्या न्यूज-२ या गुणपद्धतीत मिनिटाला २५ किंवा अधिक श्वास असतील तर त्या एकाच गोष्टीला ३ गुण आहेत, आणि एकूण बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीनं येऊन बघायचं, ७ झाली की आणीबाणी समजायची. रात्री दोन वाजता ज्युनिअर सिस्टर फोन करायला कचरते, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून ‘पाच झाले की फोन कर, कोणी रागावलं तर माझं नाव सांग’ हे तुम्ही सर्वांसमोर सांगून ठेवलंय. ज्यांना हे फोन येतात त्या आम्हा डॉक्टरांकडून याबद्दल विशेष आभार.

औषधांच्या कपाटाविषयी न लिहून चालणार नाही. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची अँप्युल, त्यात २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम. दिसायला इंजेक्शनच्या पाण्यासारखीच, आणि पातळ न करता शिरेत सरळ दिली तर हृदय बंद पाडणारी. तुमच्याकडे ती कुलपात, वेगळ्या डब्यात असते. ती लटकत्या बाटलीत कधी घालायची नाही, हेही तुमचंच शिकवणं: जड द्रावण तळाशी, नळीच्या तोंडाशी साचतं आणि पहिला भाग भलताच तीव्र जातो. बाटली खाली काढायची, औषध घालायचं, नीट उलटसुलट करायची, मग लावायची. इन्सुलिनचं तसंच. एका मिलीत १०० युनिट असलेलं इन्सुलिन, मिलीला ४० युनिट धरून खुणा केलेल्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर प्रत्यक्षात ५० युनिट जातात, म्हणून बाटली आणि सिरिंज दोन्ही शेजारी धरून वाचायची. आणि दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेताना ‘वीस आहेत ना?’ असं विचारायचं नाही. तसं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. तिनं ऑर्डर स्वतः वाचायची, सिरिंज स्वतः बघायची आणि आकडा तिनं सांगायचा.

एवढं करूनही चूक होते. तेव्हा तुमचा पहिला प्रश्न रुग्ण कसा आहे हा असतो. मग डॉक्टरांना कळवणं, उपाय, नोंद. आणि त्या मुलीशी बोलणं बंद खोलीत. खाटांच्या मधोमध बोलणी खाल्लेली सिस्टर पुढची चूक लपवते, हे आपण सगळे जाणतो. तुमच्या वॉर्डात थोडक्यात टळलेल्या चुकाही सांगितल्या जातात. सारख्या लेबलांची दोन औषधं वेगळ्या कप्प्यांत गेली ती अशाच सांगण्यातून.

बेडसोअर टाळण्याचं श्रेय तुम्ही मावशींना देता, ते योग्यच आहे. दर दोन तासांनी कूस बदलणं, पूर्ण कुशीवर न टाकता साधारण ३० अंश कलवून पाठीमागे उशी लावणं, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवणं, लाल झालेल्या जागेवर मालिश न करणं, हे तुम्ही त्यांना हाताला धरून शिकवलंत. बोट दाबून सोडल्यावर लाली तशीच राहिली तर कातडी दुखावली समजायची. सावळ्या कातडीवर ही लाली दिसत नाही, तिथे हात लावून ऊब आणि कडकपणा बघायचा. हे मावशींना येतं, आणि आमच्यातल्या काही डॉक्टरांना त्यांच्याकडूनच कळलंय.

रुग्ण दगावल्यावर नातेवाइकांना पडद्याआड बोलावण्याआधी नळ्या काढलेल्या, तोंड पुसलेलं, केस विंचरलेले असतात. पोलीस केस असेल तर मात्र एकही नळी हलवू देत नाही तुम्ही, आणि ती तशीच का ठेवलीय हे घरच्यांना आधी सांगता. ‘तसंच ठेवलंय, बेपर्वाई केली’ असा समज मनात घेऊन कोणी जात नाही.

ड्यूटी चार्टबद्दल एवढंच, की रात्रपाळीनंतर लगेच सकाळ कोणाला लागत नाही, आणि नकोशा पाळ्यांमध्ये तुमचं नाव सर्वांइतकंच येतं.

तुमची एक मागणी बरेच दिवस राहिली होती, ती आम्ही डॉक्टरांनी मान्य केली आहे. इन्सुलिनच्या ऑर्डरमध्ये यापुढे इंग्रजी ‘यू’ लिहिणार नाही, ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहू. घाईत ते अक्षर शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात. फोनवर दिलेली ऑर्डर सिस्टर परत वाचून दाखवत असताना मध्येच फोन ठेवणार नाही. आणि औषधं भरण्याच्या वेळी ट्रॉलीपाशी येऊन सिस्टरला हाक मारणार नाही.

तुमचे आभारी,
वॉर्डातल्या सर्व स्टाफ सिस्टर आणि निवासी डॉक्टर