‘आणि इतर’

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला आयर्तो मोरेरावरचा लेख वाचला. ब्राझीलच्या तालवादकाला मराठी वृत्तपत्रात अर्धं पान मिळालं, त्याबद्दल आधी आभार मानतो. नाहीतर म्हातारा नुसता कुरकुरतो म्हणाल. पण त्यातलं निम्मं जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनंच खाल्लं, आणि उरलेल्या जागेत आयर्तो म्हणजे ‘खुळखुळे वाजवणारा अवलिया’!

माइल्सच्या ‘बिचेस ब्रू’ या तबकडीत आयर्तो वाजलाय, असं लेखकमहाशय ठोकून देतात. १९७० साली निघालेल्या मूळ जोडतबकडीत तो नाहीच. ते ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९६९चं. तिथं तालवाद्यांवर डॉन अलायस आणि जुमा सँटोस होते. आयर्तो माइल्सकडे त्यानंतर आला. म्हणजे न केलेल्या कामाची शाबासकी दिली आणि केलेलं काम गाळलं. पियानोवादक चिक कोरियाच्या ‘रिटर्न टू फॉरेव्हर’ या बँडच्या पहिल्या दोन तबकड्या १९७२ साली मुद्रित झाल्या. त्यांत हा गृहस्थ साइडला नाही, चक्क ड्रमसेटवर बसलाय. त्याआधी ब्राझीलमध्येच एर्मेतो पास्कोआलबरोबर ‘क्वार्तेतो नोव्हो’ या चौकडीची १९६७ची तबकडी केली, तिचंही नाव नाही. गायिका फ्लोरा पुरीमच्या मागोमाग तो अमेरिकेला गेला त्या प्रेमकथेला मात्र तीन परिच्छेद.

आणि खुळखुळे म्हणाल, तर ऑगस्ट १९७०ची, इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइटच्या महोत्सवातली माइल्सच्या बँडची चित्रफीत लेखकानं एकदा बघावी. ड्रम्सवर जॅक डीजॉनेट, कीबोर्डवर कोरिया आणि कीथ जॅरेट असे दोघे. त्या गदारोळात शिरायला जागा कुठं आहे? आयर्तो शिरतो, क्विका घेऊन. या वाद्यात कातड्याच्या आतल्या बाजूला मधोमध एक काडी बांधलेली असते. ती ओल्या फडक्यानं घासायची आणि दुसऱ्या हातानं बाहेरून कातडं दाबत सूर वरखाली करायचा. कधी कुणी हसल्यासारखं वाटतं, कधी कुणी विव्हळल्यासारखं. खुळखुळा नव्हे तो. पुढं ‘डाउनबीट’ या जॅझच्या मासिकानं आपल्या कौलात तालवाद्यांचा वेगळा वर्ग काढला आणि तो यानं वर्षानुवर्षं जिंकला, ते उगाच नाही.

कहर फोटोखालच्या ओळीचा. ‘प्लॅनेट ड्रम’ या तबकडीवरच्या तालवादकांचा ताफा, आणि खाली छापलंय, ‘झाकीर हुसेन, मिकी हार्ट आणि इतर’. अहो, ज्याच्यावर लेख आहे तोच ‘इतर’मध्ये? विक्कू विनायकराम आणि बाबातुंडे ओलातुंजीही त्याच पोत्यात. वर्ल्ड म्युझिकचं पहिलंवहिलं ग्रॅमी १९९२ साली या तबकडीला मिळालं, ते काय दोघांच्याच वाजवण्यावर?

हे मला जास्तच झोंबतं, कारण आमच्या बँकेच्या ऑर्केस्ट्रात मी बरीच वर्षं साइड ऱ्हिदमला होतो. तुंबा, खंजिरी, घुंगरू, करवंट्या, सगळं माझ्याकडे. निवेदक ढोलकीवाल्याला टाळ्या मिळवून द्यायचा, ऑक्टोपॅडवाल्यासाठी शेर म्हणायचा, आणि माझ्यापाशी आला की, ‘साइडला आपले मित्र!’ एका गणेशोत्सवात मी टांग्याच्या गाण्याला करवंट्या वाजवल्याच नाहीत. हाताची घडी घालून बसलो. गायक पहिल्या कडव्यातच मान वळवून बघायला लागला, ढोलकीवाला डोळे वटारायला लागला, आणि पुढच्या रांगेतलं एक पोर मोठ्यानं म्हणालं, ‘आई, घोडा कुठं गेला?’ कार्यक्रम संपल्यावर सेक्रेटरींनी मला झापलं. पण पुढच्या खेपेला निवेदकानं माझं नाव घेतलं, आडनाव चुकवून का होईना.

तेव्हा पुढच्या रविवारी निदान फोटोतली नावं दुरुस्त करून छापा. सहाव्या पानाच्या तळाला, पोळीभाजी केंद्राच्या जाहिरातीखाली नको. वाचता येतील अशा टायपात.

शिवाय त्याच पुरवणीच्या शब्दकोड्यात ‘तालवाद्य, तीन अक्षरे’ याचं उत्तर ‘सनई’ दिलंय. मी ‘ढोलकी’ लिहून बसलो होतो आणि त्यापायी सगळा उजवा कोपरा अडला. कोडं कोण तयार करतं हे कळवाल का? आयर्तोवरचा लेखही त्यांनीच लिहिला असावा, अशी शंका आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, डोंबिवली (पूर्व)