आमदारांना फोन करू नका, बाबा

पणजी

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

काल फोनवर नीट बोलणं झालं नाही म्हणून लिहिते आहे. आई रडत होती. बाबा, तुम्ही मध्येच म्हणालात, "थांब, मी आमदारांशी बोलतो," आणि तिथे मला पुढे काही सुचेना. त्या एका वाक्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही.

आधी आईसाठी. आई, शेजारच्यांनी तुला दाखवलेला व्हिडिओ खरा आहे, आणि त्यात ढकलली गेलेली मुलगी मीच आहे. डोंगरकापणीविरुद्धच्या मोर्चाची बातमी घ्यायला गेले होते, बॅरिकेडजवळ रेटारेटी झाली आणि मी मध्ये सापडले. खांद्याला मुका मार आहे, हाड शाबूत आहे. डॉक्टरांनी एक्स-रे काढून पाहिला. जेवते आहे, झोपते आहे. तू पाठवलेलं कोकमाचं आगळ संपलेलं नाही.

व्हिडिओत जे दिसत नाही त्याचा त्रास मला खांद्यापेक्षा जास्त झाला. वर्दीतल्या एकाने माझ्या हातातून फोन ओढून घेतला, गॅलरी उघडायला लावली आणि माझ्यासमोर दोन क्लिप पुसल्या. गळ्यात ओळखपत्र होतं, त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. क्लिप मला परत मिळाल्या, कारण त्या तोपर्यंत ऑफिसच्या खात्यात आपोआप चढल्या होत्या. पण बाबा, पोलिसांना फोन जप्तच करायचा असेल तर कायद्यात त्याची रीत आहे. पंचनामा करावा लागतो, आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. रस्त्यावर उभ्याउभ्या कुणाच्या फोनमधलं चित्रण पुसण्याचा अधिकार कुठल्याच कलमात नाही. उद्या तीच क्लिप कोर्टात पुरावा ठरू शकते. पुसणाऱ्यालाही ते ठाऊक होतं, म्हणून तर पुसली.

तुम्ही विचारलंत, "तू गेली नाहीस तर मोर्चा काय थांबणार आहे?" नाही थांबणार. पण संध्याकाळी काय उरतं ते सांगते. एक उरते एफआयआर आणि दुसरी व्हॉट्सअ‍ॅपवरची अर्धवट चित्रफीत. एफआयआरमध्ये पाच-दहा नावं असतात आणि खाली लिहिलेलं असतं "व इतर". त्या "इतर"मध्ये पुढे कुणाचंही नाव बसू शकतं, त्या दिवशी शेतावर असलेल्या माणसाचंही. पहिला दगड कुणी मारला, हटण्याचा आदेश लाऊडस्पीकरवरून दिला की दिलाच नाही, लाठी कमरेखाली बसली की डोक्यावर, हे वर्षभराने वकील विचारतो तेव्हा उत्तर कुठून येणार? कडेला उभं राहून वेळ नोंदवत चित्रण करणारं कुणी तिथे असेल तरच येणार. माझं काम एवढंच आहे. मी घोषणा देत नाही, दगड उचलत नाही. तिथून हलत मात्र नाही.

आपल्या सत्तरी तालुक्याला हे वेगळं सांगायला नको. ६ जानेवारी २०२१ ला मेळावलीत काय झालं ते तुम्ही घरात बसून ऐकलंत. आयआयटीच्या जागेची आखणी करायला पोलीस बंदोबस्तात माणसं आली, गाव आडवा आला, लाठ्या चालल्या, अश्रुधूर फुटला, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. १५ जानेवारीला मुख्यमंत्र्यांनी प्रकल्प तिथे होणार नाही असं जाहीर केलं. त्या मधल्या दिवसांत पणजी-मडगावच्या लोकांना मेळावली कळली ती गावातल्या पोरांच्या मोबाईलमुळे आणि चिखलातून तिथवर पोचलेल्या वार्ताहरांमुळे. आई, त्या पोलिसांतही आपल्याच तालुक्यातले होते. पहाटेपासून उभे, धड पाणी नाही. त्यांच्यावर दगड आले तेही कॅमेऱ्याने टिपायला हवं, आणि टिपलं. कॅमेरा नसेल तर त्या शिपायाचीही बाजू कुणाकडे राहत नाही.

आई, तुझी भीती कुठून येते ते मला कळतं. १९९५ साली फोंडा तालुक्यातल्या केरीला नायलॉन ६,६ कारखान्याविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीने निलेश नाईक गेला, तेव्हा तू फोंड्याला माहेरी होतीस. तू ते फारसं कधी बोलली नाहीस, पण दर मोर्चाच्या आदल्या रात्री तुझा फोन येतो तो त्यामुळेच. गोळीला आंदोलक कोण आणि वार्ताहर कोण हे कळत नाही, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. मी ते खोडून काढणार नाही.

म्हणून काळजी घेते. कशी, ते ऐक. पोलीस आणि जमाव यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात मी थांबत नाही, नेहमी कडेला, पाठीशी भिंत किंवा वाट असेल अशी. वारा कुठून येतो ते पाहते, कारण अश्रुधूर वाऱ्याबरोबर पसरतो. कॉन्टॅक्ट लेन्स घालत नाही, तोंडाला तेलकट क्रीम लावत नाही, कारण ती पावडर त्याला चिकटते. डोळे चुरचुरले तर चोळायचे नाहीत, भरपूर साध्या पाण्याने धुवायचे. फोन बोटाच्या ठशाने उघडणं बंद केलंय, आकडेच टाकावे लागतात. वकिलांचा नंबर हातावर पेनने लिहिलेला असतो. जोडीला दुसरा वार्ताहर असतोच, मग तो प्रतिस्पर्धी वर्तमानपत्राचा का असेना.

पण एवढं करूनही सगळं माझ्या हातात नाही. २०१९ च्या सप्टेंबरात हाँगकाँगमध्ये वेबी मेगा इंदाह ही इंडोनेशियाची पत्रकार पादचारी पुलावर उभी राहून आंदोलनाचं चित्रण करत होती. प्रेस लिहिलेलं जाकीट, हेल्मेट, गॉगल, सगळं अंगावर होतं. पोलिसांनी झाडलेला मारा गॉगलवर बसला आणि तिचा उजवा डोळा कायमचा गेला. हेल्मेट एका मर्यादेपर्यंतच वाचवतं. त्याच्या पुढे वाचवतो तो नियम, आणि तो पाळावाच लागेल असं समोरच्याला वाटणं.

तो नियम आपल्याकडे अर्धाच आहे. बाबा, तुम्ही शाळेत संविधान शिकवायचात. कलम १९ मध्ये वर्तमानपत्र हा शब्द नाही, आणि तरीही १९५० मध्येच रोमेश थापर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भाषणाच्या स्वातंत्र्यात ते पसरवण्याचं स्वातंत्र्यही येतं. इथपर्यंत ठीक. पण फौजदार जमाव बेकायदा ठरवून हटायला सांगतो, त्या क्षणापासून आमचं काय? संहितेच्या त्या कलमात वार्ताहरासाठी वेगळी ओळ नाही. आदेशानंतर मी तिथेच राहिले तर मीही जमावच. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने जुलै २०२० मध्ये स्पष्ट लिहिलं की जमाव बेकायदा ठरला किंवा पांगवला गेला तरी पत्रकारांचा पाहण्याचा, नोंदवण्याचा हक्क संपत नाही. ज्या करारावर ही समिती चालते त्यात भारत १९७९ पासून आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये तसा कायदा केला, पोलिसांनी बंद केलेल्या जागेतही मोर्चाच्या वेळी पत्रकाराला राहता येतं. महाराष्ट्राने २०१७ मध्ये पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध कायदा मंजूर केला. त्याची हद्द गोव्याच्या सीमेवर, पत्रादेवीला संपते.

आणि ओळखपत्र म्हणशील तर माझ्याकडे आहे. सत्तरीत, पेडण्यात, सांग्यात बातमी पाठवणाऱ्या कितीतरी जणांकडे माहिती खात्याची मान्यता नाही, नेमणूकपत्र नाही, विमा नाही. बातमीमागे थोडे पैसे, तेही महिन्यांनी. सकाळी दुकान उघडायचं, मोर्चा निघाला की शटर ओढून धावायचं. लाठी बसली तर दवाखान्याचं बिल स्वतःचं. गावात पहिला पोचतो तो हाच माणूस, आणि पोलिसांनी "तू कोण?" विचारलं तर दाखवायला त्याच्याकडेच काही नसतं. संपादक परिषदांत भाषणं होतात तेव्हा मला त्यांचीच तोंडं आठवतात. कोकणातल्या राजापूरचे शशिकांत वारिशे असेच तालुक्याच्या गावातून लिहिणारे. फेब्रुवारी २०२३ मध्ये रिफायनरीच्या जागेबद्दलची त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी त्यांना गाडीखाली चिरडलं गेलं. बातमी ज्याच्याबद्दल होती त्याच माणसाला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. राजापूर आपल्याला किती लांब आहे?

आता मुख्य गोष्ट. बाबा, आमदारांना फोन करू नका.

मला माहीत आहे, फोन एका रिंगमध्ये उचलला जाईल. चाळीस मतदारसंघांचा आपला गोवा, आमदार जत्रेत भेटतो, लग्नात पंगतीला बसतो, तुमचा विद्यार्थीही असू शकतो. फौजदार कुणाचा तरी भाचा असतो. एक फोन गेला की मला कुणी हात लावणार नाही. पण त्यानंतर त्याच आमदाराच्या भावाने डोंगर कापला तर मी कुठल्या तोंडाने लिहू? मला कुणी धमकीही देणार नाही. नुसतं गणपतीच्या चवथीला घरी येऊन म्हणतील, "सर, बायला सांगा, आपलीच माणसं आहेत." आणि तुम्हाला ते मला सांगावं लागेल. गोव्यात बातमी लाठीने मरते त्यापेक्षा जास्त अशी ओळखीने मरते, हे मी रोज बघते. कितीतरी चांगल्या बातम्या माझ्यासमोर एका प्रेमळ फोननंतर थांबल्या. फोन करणारा वाईट माणूस नव्हता, ऐकणाराही नव्हता.

दुसरंही आहे. मला तुमची ओळख सोडवेल. वाळपईच्या त्या शटर ओढून धावणाऱ्या वार्ताहराला कोण सोडवणार? माझा फोन ओढला गेल्याची तक्रार मी लेखी दिली आहे, क्लिपसकट, आणि तिची पोच घेतली आहे. ती तक्रार नियमाने चालली तर उद्या तोही तिच्याकडे बोट दाखवू शकेल. वरून फोन आला आणि प्रकरण मिटलं, तर ते फक्त माझ्यापुरतं मिटेल.

तुम्ही दर वर्षी १८ जूनला मुलांना रांगेत उभं करून सांगायचात, १९४६ मध्ये लोहिया मडगावला उभे राहिले ते सभा घेण्याच्या, बोलण्याच्या, छापण्याच्या हक्कासाठी. पोर्तुगिजांच्या राज्यात छापायचा मजकूर आधी सेन्सॉरला दाखवावा लागे, लग्नपत्रिकासुद्धा. १९५५ ते १९६१ वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेवरच्या रानातून रेडिओ चालवला तो इथल्या कागदावर खरं छापता येत नव्हतं म्हणून. हे मी तुमच्याकडूनच ऐकलंय. तेव्हा परवानगी सरकारकडे मागावी लागे. आता ती आमदारांकडे मागायला मला लावू नका.

त्याऐवजी एवढं करा. कुणी घरी आलं आणि माझ्या जुन्या वह्या, कपाटातली हार्ड डिस्क मागितली, तर देऊ नका. लेखी नोटीस मागा, चहा द्या, आणि वकिलांना फोन करा. त्या वह्यांत ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलं त्यांची नावं आहेत. साक्षीदार म्हणून ठाण्यावर या असं सांगितलं तर जायची गरज नाही. संहितेच्या कलम १७९ प्रमाणे साठीच्या पुढच्या पुरुषाला आणि कुठल्याही स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यावर बोलावता येत नाही, घरी येऊनच विचारावं लागतं. मला पकडल्याचा निरोप आला तर घाबरून गाडी काढू नका. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते, आणि कुणालाही चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. निरोप किती वाजता आला, कुणी दिला, कुठल्या ठाण्यावरून, एवढं बाबा तुमच्या सुंदर अक्षरात लिहून ठेवा. कोर्टात तेच उपयोगी पडतं.

डेस्कवर बसण्याचं म्हणशील आई, तर कधीतरी बसेनही. खांदा बरा होईपर्यंत तर बसतेच आहे, दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या नीट करते. पण भीतीने मागे सरून बसणार नाही. पुढच्या महिन्यात विधानसभेचं अधिवेशन आहे, पर्वरीला जमावबंदी लागेल, मोर्चे येतील, मी जाईन. निघताना तुला मेसेज करीन आणि परतल्यावर फोन. मधल्या वेळात फोन उचलला नाही तर समज की हातात कॅमेरा आहे.

वकिलांचा नंबर वेगळ्या कागदावर लिहून सोबत पाठवला आहे. तो देवघराशेजारच्या कॅलेंडरला टाचून ठेवा. एकदा त्यांना फोन करून ओळखही करून घ्या, त्यांना मी सांगून ठेवलं आहे.

तुमची,
बाय