काचघरातली कमळे आणि गच्चीतला चाफा

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

फोनवर सांगितले असते तर तुम्ही दोघेही गप्प झाला असता आणि मला पुढे बोलता आले नसते, म्हणून लिहून कळवते आहे. वनस्पती उद्यानाने मला उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या काचघरात कायम होण्याविषयी विचारले होते आणि मी होकार दिला आहे. त्यामुळे या उन्हाळ्यात माझे घरी येणे होणार नाही. थंडी पडली की नक्की येईन.

उन्हाळाच का, तर तलावातल्या व्हिक्टोरिया कमळांमुळे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली ही कमळे इथल्या हिवाळ्यात तग धरत नाहीत, म्हणून दरवर्षी बियांपासून नव्याने वाढवावी लागतात, आणि बी वाळले की मरते, म्हणून तेही पाण्यातच जपून ठेवावे लागते. उन्हाळ्यात पाने दोन मीटरपर्यंत पसरतात आणि मग फुले येऊ लागतात. प्रत्येक फूल फक्त दोन रात्रींचे असते. पहिल्या संध्याकाळी ते पांढरे उमलते, स्वतः ऊब निर्माण करते आणि गोड वासाने भुंग्यांना आत बोलावून मिटते. दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी होऊन उघडते, तेव्हा परागांनी माखलेले भुंगे बाहेर पडतात आणि दुसऱ्या पांढऱ्या फुलाकडे जातात. काचघरात ते भुंगे नाहीत. दिवेलागणीला कुणीतरी पाण्यात उतरून गुलाबी फुलातले पराग ब्रशने पांढऱ्या फुलात नेले नाहीत, तर पुढच्या वर्षीचे बी धरत नाही. हे काम यंदा माझ्याकडे आले आहे आणि ते दुसऱ्यावर सोपवून निघून यावे, असे माझ्या मनाला पटत नाही. बाबा, 1849 साली जोसेफ पॅक्स्टन या मुख्य माळ्याने इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थच्या काचघरात पाणी ऊबदार ठेवून हे कमळ फुलवले होते; हातातले काम अर्धवट सोडू नये असे तुम्हीच शिकवलेत, तेव्हा तुम्ही तरी मला समजून घ्याल.

आई, माझ्या सर्दीची काळजी करू नकोस. बाहेर बर्फ असला तरी काचघरात सुती कपडे पुरतात, हवा दमट असते आणि माझा जुना खोकला तिथे कधी उसळत नाही. पानांच्या खालच्या बाजूला काटे असतात, म्हणून पाण्यात उतरताना छातीपर्यंतचा रबरी पोशाख घालते. पाणी कंबरेपेक्षा खोल नाही आणि काठावर दुसरे कुणीतरी असतेच. विहिरीची ती गोष्ट तुझ्या मनातून गेलेली नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. खोली कामाच्या जागेपासून जवळ आहे, अंथरूण-पांघरूण भरपूर आहे आणि जेवण मी वेळेवर करते.

इथे कैलासपतीही आहे. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. फुले फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर लगडतात. त्याच्यापुढे उभी राहिले की बाबांचे बोट धरून मान वर केलेली मी मला आठवते आणि काही क्षण मी कुणाचीच अधिकारी वगैरे राहत नाही, तुमची धाकटीच होते. आई, चाफ्याच्या फुलात मध का सापडत नाही, म्हणून मी तुझ्या मांडीवर रुसून बसायचे ना? त्यात मध नसतोच. तो नुसत्या वासावर रात्रीच्या पतंगांना भुलवतो आणि काही न देताच परागण करून घेतो. हे तुला कधीचे सांगायचे होते.

आता गच्चीतल्या चाफ्याविषयी मात्र मी सांगेन तसेच व्हायला हवे. पाने झडली की त्याला पाणी जवळजवळ लागत नाही, तेव्हा बाबांनी त्या दिवसांत भरलेली बादली घेऊन जिना चढायचा नाही. छाटणी शेजारच्या मुलाकडून करून घ्यावी. बाबा, तुम्हाला जमत नाही म्हणून नव्हे, तर त्याचा चीक त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतो आणि तुमच्या डोळ्याचे ऑपरेशन अजून नवे आहे. फांदी लावायची असेल तर कापलेले टोक काही दिवस सावलीत सुकू द्यावे. ओले लावले तर कुजते. आई, तूही स्टुलावर चढून फुले काढू नकोस. खाली पडलेली वेच, तीही बसून, वाकून नाही.

पुढच्या वसंतात तुम्हा दोघांना इथे आणायचे, असे मी ठरवले आहे. फिलिपिन्सच्या जंगलातली जेड वेल त्या सुमारास फुलते. निळसर हिरव्या फुलांचे लांब घोस असतात आणि तिथे त्यांचे परागण वटवाघळे करतात. तो रंग बाबांनी प्रत्यक्ष पाहायलाच हवा. काचघरात पायऱ्या नाहीत आणि जागोजागी बाके आहेत, मी आधीच पाहून ठेवले आहे. त्यासाठी आईने गुडघ्यांचे व्यायाम आजपासून सुरू करावेत, बाबांनी डोळ्यांच्या तपासणीची तारीख चुकवू नये, आणि डॉक्टर काय म्हणाले ते दोघांनीही काही न लपवता मला कळवावे.

तुमची,
धाकटी