होल्गर सर, एका क्रीडाशिक्षकाचे आभार स्वीकारा

श्री. होल्गर गेश्विंडनर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आपली ओळख नाही, आणि मराठीतलं हे पत्र तुमच्या हाती पडेलच असंही नाही. पण आभार मानायचे तर उघडपणे मानावेत, म्हणजे ते चार लोकांच्या कानावर जातात. डर्क नोवित्स्की, म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये गाजलेला जर्मन खेळाडू, हे नाव आमच्याकडे बास्केटबॉल बघणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत आहे. त्याला घडवणारे सर कोण, हे विचारलं तर मात्र बहुतेक जण गप्प बसतात. मला ते खटकतं.

डर्कचा जन्म १९७८ चा, जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गचा. आई हेल्गा देशाकडून बास्केटबॉल खेळलेली, वडील हँडबॉलवाले. पोरगा आधी हँडबॉल आणि टेनिस खेळायचा आणि भराभर उंच होत होता. त्या उंचीवरून लोक त्याला चिडवायचे. मग तो बास्केटबॉलकडे वळला आणि गावातल्या डीजेके वुर्त्सबुर्ग क्लबात जाऊ लागला. तिथे तुम्ही त्याला पाहिलंत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जर्मनीकडून खेळलेला माणूस पंधरा-सोळा वर्षांच्या एका किडकिडीत मुलाला पाहतो आणि आईवडिलांना विचारून त्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा एकट्याला शिकवायला लागतो. क्लबनं सांगितलं होतं म्हणून नव्हे, कुठला करार होता म्हणून नव्हे. मला या सगळ्या कहाणीतलं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. पुढचं सगळं जगानं पाहिलं, हे मात्र कोणी बघत नसताना झालं.

तुम्ही त्याला वजनं उचलायला लावली नाहीत. डावपेचांचे फळे रंगवत बसला नाहीत. शूटिंग आणि पासिंग, परत शूटिंग आणि पासिंग. जोडीला एखादं वाद्य शीक म्हणालात, पुस्तकं वाच म्हणालात. आमच्याकडे जुने गवई शिष्याकडून वर्षभर एकच षड्ज घोटून घ्यायचे, तसलाच हा प्रकार. एवढ्या उंच मुलाकडून कोणताही कोच पहिल्या दिवशी एकच गोष्ट मागतो: रिंगखाली उभा राहा, हात वर कर, रिबाउंड घे, म्हणजे रिंगवरून उसळलेला बॉल पकड. सात फुटांच्या मुलाला लांबून शूट करायला शिकवावं, बॉल घेऊन पळायला शिकवावं, ही कल्पना तेव्हा फार थोड्यांच्या पचनी पडली असती.

तुम्ही गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेले. डर्कच्या उंचीचा माणूस बॉल कोणत्या कोनात सोडेल तर चुकीला जास्तीत जास्त वाव मिळेल, याचा तुम्ही कागदावर हिशेब मांडलात आणि उत्तर आलं साधारण ६० अंश. हा हिशेब मी आमच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवतो, कारण नववीच्या भूमितीत तो बसतो. रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर, मोठ्या बॉलचा सुमारे २४. बॉल वरून सरळ खाली आला तर त्याला रिंगचं सगळं तोंड उघडं मिळतं. तो जितका तिरका येईल तितकं ते तोंड त्याच्यासाठी आक्रसतं. ४५ अंशांनी उतरणाऱ्या बॉलला जेमतेम ३२ सेंटिमीटर जागा उरते, ६० अंशांनी उतरणाऱ्याला ३९. बॉलचे २४ वजा केले की पहिल्याला ८ सेंटिमीटरची मोकळीक, दुसऱ्याला १५ ची. जवळजवळ दुप्पट! हे समजल्यावर मुलं ‘उंच टाक’ असं नुसतं ऐकत नाहीत, त्यांना ते पटतं. सर, या एका हिशेबासाठीसुद्धा मी तुम्हाला पत्र लिहिलं असतं.

त्या हिशेबाचं आमच्या मैदानावर काय झालं ते सांगतो.

आठवीत एक मुलगी आली. वर्गातल्या मुलांपेक्षाही उंच. चालताना खांदे पुढे झुकलेले, मान खाली. घरी येणारे पाहुणे ‘एवढी उंच झाली, आता पोरगा कुठला शोधायचा’ असं तिच्या तोंडावर बोलायचे. आधी एका शिबिरात ती खेळली होती. तिथे तिला रिंगखाली उभं केलं होतं आणि बॉल हातात आला की लगेच दुसरीकडे दे, एवढंच सांगितलं होतं. ड्रिबल करायची, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत पुढे न्यायची मनाई. त्यामुळे खेळ म्हणजे पुन्हा उंचीच मिरवायची, ज्या उंचीची तिला लाज वाटत होती तीच.

मी गणपतीच्या मंडपातले दोन बांबू मागून आणले, रिंगच्या थोडं अलीकडे सिमेंटच्या कोर्टावर उभे केले आणि वर दोरी बांधली. नियम एकच, बॉल दोरीवरून गेला पाहिजे. सुरुवात रिंगपासून दीड पावलावर, एका हातानं. बोटं पसरलेली, बॉल तळहाताला टेकवायचा नाही, सुटताना शेवटचा स्पर्श बोटांच्या टोकांचा. पुष्कळ दिवस आम्ही तिथून मागे सरकलोच नाही. तुमच्या आणि डर्कच्या सरावाच्या चित्रफिती मी तिला मोबाइलवर दाखवल्या. रिंगखाली पिकल्या केसांचे तुम्ही उभे, बॉल परत फेकताय, आणि समोर जगातला एक श्रेष्ठ खेळाडू नवख्यासारखा गुडघे वाकवून जवळूनच शूट करतोय. ते बघून ती म्हणाली, “सर, हा अजून पण इथनंच सुरू करतो?” त्यानंतर मला तिला जवळून शूट कर असं कधी सांगावं लागलं नाही.

आज ती आमच्या संघात बॉल घेऊन वर येते, बाहेरून शूट करते, आणि ताठ चालते. आमच्या भागात दहावी आली की घरचे खेळ बंद करतात, फार तर क्रीडा गुण मिळेपर्यंत चालवून घेतात. तिच्या वडिलांनी तिला थांबवलं नाही. हे सगळं मी केलं असं मी म्हणणार नाही. मुलगी मेहनती आहे आणि आईवडील समंजस. पण उंच मुलाला आधी माणूस म्हणून, पूर्ण खेळाडू म्हणून शिकवायचं असतं, हे धाडस माझ्यात तुमच्यामुळे आलं. यासाठी मी तुमचा ऋणी आहे.

वर्षभर शिकवल्यावर तुम्ही डर्कला जे विचारलंत तेही माझ्या मनात घर करून आहे. जर्मनीतला नावाजलेला खेळाडू व्हायचं असेल तर आपण इथेच थांबू, ते तर तू होशीलच. जगातल्या सर्वोत्तमांशी खेळायचं असेल तर मात्र रोज सराव. त्यानं दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाला. तुम्ही त्याच्या वतीनं ठरवलं नाहीत. मी इतके पालक आणि इतके प्रशिक्षक पाहिलेत, जे मुलाला न विचारता त्याचं स्वप्न ठरवून मोकळे होतात. दोन दिवस थांबून मुलाचं उत्तर ऐकून घेणं सोपं नसतं.

मार्च १९९८ मध्ये तुम्ही त्याला अमेरिकेत सॅन अँटोनिओला नेलंत. क्लबचे पहिल्या श्रेणीत जाण्यासाठीचे सामने तोंडावर, त्यामुळे तिकडे नाराजी. हूप समिट नावाच्या त्या सामन्यात अमेरिकेच्या निवडक तरुणांविरुद्ध डर्कनं ३३ गुण आणि १४ रिबाउंड काढले, आणि जगाचा संघ जिंकला. क्लबचा राग मी समजू शकतो, संघ चालवणाऱ्याला असा खेळाडू ऐन वेळी गेलेला चालत नाही. तरीही मी तुमच्या बाजूनं आहे. त्याच वर्षी एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, मिलवॉकीच्या संघानं त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं आणि लगेच डॅलस मॅव्हरिक्सकडे दिलं. गावाकडे १४ नंबर घालायचा, डॅलसमध्ये तो दुसऱ्याकडे होता म्हणून आकडे उलटे करून ४१ घेतला.

पहिलं वर्ष वाईट गेलं. सामन्यामागे सरासरी जेमतेम ८ गुण. अमेरिकेत लोक म्हणत होते, युरोपातला हा मऊ पोरगा इथे टिकायचा नाही. तो सुट्टीत परत आला आणि बांबेर्गजवळच्या राटेल्सडोर्फ गावातल्या साध्या हॉलमध्ये तुम्ही दोघं पुन्हा पहिल्या धड्याला बसलात. पुढे कोट्यवधी डॉलर मिळवू लागल्यावरही उन्हाळ्यात तोच हॉल, तेच तुम्ही. हंगामात शूट बिघडलं की तुम्ही डॅलसला जायचा.

२००२ मध्ये जागतिक स्पर्धेत जर्मनीला कांस्य आणि डर्क स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू, २००५ मध्ये युरोपीय स्पर्धेत रौप्य. पण मला त्याहून २००६ आणि २००७ बद्दल बोलायचं आहे. २००६ मध्ये एनबीएच्या अंतिम फेरीत, जिथे आधी चार सामने जिंकेल तो विजेता, डॅलसची मायामीविरुद्ध २-० अशी आघाडी, आणि मग सलग चार पराभव. पुढच्या हंगामात डॅलसचे ६७ विजय, डर्क एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, हा मान मिळवणारा पहिला युरोपीय. आणि पहिल्याच फेरीत आठव्या मानांकनाच्या गोल्डन स्टेटकडून हार. एमव्हीपीचा करंडक घ्यायची वेळ आली तेव्हा संघ स्पर्धेबाहेर गेलेला. त्या उन्हाळ्यात तुम्ही त्याला घेऊन ऑस्ट्रेलियात गेलात, आठवडेच्या आठवडे, मोकळ्या रानातून. हरलेल्या खेळाडूला लगेच कोर्टावर उभं करून त्याच्या चुका मोजायची आपल्याकडे सवय आहे. जिल्हास्तरावर हरून परत येणाऱ्या एसटीत मी आता मुलांना सामन्याबद्दल एक शब्द बोलत नाही. भेळ घेऊन देतो. हेही तुमच्याकडूनच घेतलं.

२०११ साली अंतिम फेरीत पुन्हा मायामी, आता लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि क्रिस बॉश यांच्यासह. पहिल्याच सामन्यात डर्कच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा स्नायुबंध तुटला, आणि दुसऱ्या सामन्यात त्याच डाव्या हातानं त्यानं निर्णायक लेअप, म्हणजे रिंगजवळ जाऊन अलगद टाकलेला बॉल, आत घातला. चौथा सामना अंगात ताप असताना. आणि १२ जूनचा सहावा सामना. पहिल्या अर्ध्यात १२ शूटपैकी एकच आत. अकरा वाया गेले! कोणीही असता तर बॉल दुसऱ्याला देऊ लागला असता. डर्क शूट करत राहिला, उरलेल्या अर्ध्यात १८ गुण काढले, आणि डॅलस पहिल्यांदा विजेता झाला. तो आनंद साजरा करायला थांबलाच नाही, डोळे भरून आले म्हणून सरळ लॉकर रूमकडे गेला. तो सामना मी आजही मुलांना दाखवतो, आणि पहिला अर्धा मुद्दाम पूर्ण दाखवतो. बारापैकी एक असतानाही ज्याचा हात आखडत नाही, त्या हातावर कोणीतरी वर्षानुवर्षं विश्वास ठेवलेला असतो.

एकाच संघाकडून २१ हंगाम, ३१,५६० गुण, २०१९ मध्ये निवृत्ती, २०२३ मध्ये हॉल ऑफ फेम या बास्केटबॉलमधल्या थोरांच्या यादीत नाव. डॅलसच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे, एक पाय वर उचलून मागे झुकत शूट करतानाचा. डर्कचा हा एका पायावरचा फेडअवे पुढे केव्हिन ड्युरंटपासून निकोला योकिचपर्यंत कितीतरी जणांनी उचलला. ग्रीसचा यानिस अँटेटोकुम्पो आणि सर्बियाचा योकिच एमव्हीपी झाले, आता त्याचं कोणाला नवल वाटत नाही. वाट मोकळी झाली ती डर्कमुळे.

डॅलसचा आमच्याशीही एक धागा आहे. २०१५ मध्ये पंजाबातल्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगला याच संघानं ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर घेतलं. एनबीएसाठी निवड झालेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. तो प्रत्यक्ष एनबीएचा सामना खेळला नाही. उंची आमच्या देशातही जन्मते, मेहनतीची पोरंही आहेत. पंधराव्या वर्षी त्यांना तुमच्यासारखं कोणी भेटायला हवं, जे क्लब, जिल्हा, निवड समिती यांच्या पलीकडे त्या एका पोराकडे बघेल. अशी माणसं इथे अजिबात नाहीत असं नाही, गावोगाव पदरमोड करून शिकवणारे आहेत. त्यांनी तुमची गोष्ट वाचावी, एवढ्यासाठीही हा खटाटोप.

शेवटी आणखी एका माणसाचे आभार तुमच्यामार्फत. तुम्हाला बास्केटबॉल शिकवला तो अर्नी बटलर या अमेरिकी सैनिकानं, जो गीसेनच्या बाजूला तैनात होता आणि सॅक्सोफोन वाजवायचा. बास्केटबॉल म्हणजे जॅझ, असं तुम्ही म्हणत आलात ते त्याच्याच संगतीतून. त्यानं तुम्हाला दिलं, तुम्ही डर्कला, आणि त्यातलं मूठभर आमच्या सिमेंटच्या कोर्टापर्यंत आलं. येत्या गणपतीला ते दोन बांबू परत द्यायचे होते, पण मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतःच मला सांगितलंय, ‘दोन्ही कायमचे ठेवा.’ सहावीतली दोन उंच पोरं यंदा नवीन आली आहेत, सोमवारपासून त्यांना दोरीखाली घेतोय.

तुमचे मनापासून आभार, सर.

आपला नम्र,
एक क्रीडाशिक्षक