पुरीला निघण्याआधी

चि. सौ. बाईस अनेक आशीर्वाद.

पुरीला जायचं ठरल्याचं तू फोनवर सांगितलंस, आईला फार आनंद झाला. मी मात्र गप्पच राहिलो. मनात होतं ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितो आहे.

दिवाळीच्या सुट्ट्या म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. बंगालच्या उपसागरात वादळं उठायचा हाच काळ. मी समुद्र कधी पाहिला नाही, पण त्या समुद्राची नि माझी ओळख जुनी आहे. तिकडे कमी दाबाचा पट्टा तयार झाला की इकडे आपल्या वावरात धांदल उडते. तुझ्या लग्नाच्या वर्षीचं आठवतं ना? सोयाबीन सोंगून गंजी लावली होती. रेडिओवर पावसाचं सांगत होते. मी वर पाहिलं, कोरडं ऊन, आभाळ निरभ्र. ताडपत्री घरीच राहू दिली. तिसऱ्या रात्री पाऊस आला तो दोन दिवस उघडला नाही. शेंगांतल्या दाण्यांना कोंब फुटले. तेव्हापासून मी आभाळाकडे पाहून काही ठरवत नाही. तूही ठरवू नकोस.

हवामान खातं साधारण 72 तास आधी पूर्वसूचना देतं, 48 तास आधी सावध करतं आणि 24 तास आधी वादळाचा पक्का इशारा देतं. तू 24 तासांची वाट पाहायची नाही. तोवर रेल्वेगाड्या रद्द व्हायला लागलेल्या असतात आणि अख्खं गाव स्टेशनावर असतं. पूर्वसूचनेत ओडिशाच्या किनाऱ्याचं नाव दिसलं की सामान भरा. हॉटेलचे पैसे गेले तर जाऊ दे. जावईबापूंना वाटेल, एवढ्या लांब आलो, एक दिवस थांबून पाहू. त्यांना हे पत्र दाखव.

29 ऑक्टोबर 1999 ला पारादीपजवळ महाचक्रीवादळ आदळलं. सुमारे 10,000 माणसं गेली. वाऱ्यापेक्षा समुद्राचं पाणी घरात चढलं त्याने जास्त घात केला. 3 मे 2019 ला फनी वादळ तर पुरीजवळच धडकलं. त्या वेळी तिथल्या सरकारने 10 लाखांहून अधिक लोक आधीच हलवले, पर्यटकांसाठी खास गाड्या सोडल्या, म्हणून जीव वाचले. पण नंतर पुरीत कितीतरी दिवस वीज नव्हती. वीज नाही म्हणजे एटीएम बंद, मोबाईल बंद, नळाला पाणी नाही. म्हणून शंभर-दोनशेच्या नोटा जवळ ठेव. लेकरांची औषधं चार दिवस जास्तीची घे. आधार कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत ठेव. पॉवर बँक रोज रात्री भरून ठेवायची. आई चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू देते आहे, ते पहिल्याच दिवशी संपवू नका.

खोली घेताना किनाऱ्याला लागून तळमजल्यावर घेऊ नकोस, समुद्र कितीही छान दिसत असला तरी. आणि एवढं करूनही अडकलातच, तर काचेच्या खिडक्यांपासून दूर, आतल्या खोलीत बसा. एक गोष्ट नीट ध्यानात ठेव. वादळाचा डोळा वरून जातो तेव्हा वारा एकदम पडतो, ऊनही पडतं. माणसं बाहेर निघतात. थोड्या वेळाने उलट्या दिशेने तोच वारा पुन्हा येतो. सरकारी माणूस सांगेपर्यंत दार उघडायचं नाही. अडचण आली तर 112, गाड्यांची चौकशी 139.

वादळ नसलं तरी पुरीचा समुद्र खवळता असतो. शेकडो किलोमीटर दूर वादळ असलं तरी लाटा आधी पोचतात, आभाळ स्वच्छ असताना. किनाऱ्यावर टोकदार टोप्या घातलेले नोलिया असतात, पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणारी माणसं. ते नाही म्हणाले तर लेकरांचा पायसुद्धा पाण्यात पडू द्यायचा नाही.

रोज सकाळी हवामान खात्याचा अंदाज पाहून मला एक फोन कर. दोन मिनिटं पुरेत. इकडे अजून दोन एकर सोंगायचं आहे, तुझ्या फोनवरून मलाही ताडपत्रीचं ठरवता येईल.

मोठी बॅटरी भावाजवळ धाडतो आहे. सेल नवे टाकले आहेत.

तुझे बाबा