‘फक्त उजेडावर जगतो’ म्हणून विकलेल्या लाल गॉर्गोनियनबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : चुकीची माहिती देऊन केलेली विक्री आणि अजून न मिळालेले कागद

महोदय,

आपल्याकडून ४,२०० रुपयांना घेतलेला लाल गॉर्गोनियन (प्रवाळाच्या कुळातला, झुडपासारखा दिसणारा समुद्री जीव) परवा माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतून काढला. बुडापासून मांस सुटत सुटत वर गेलं आणि शेवटी आतली काळी काडी तेवढी उरली.

पार्सल एक दिवस उशिरा आलं, त्याबद्दल माझं भांडण नाही. पत्ता मराठीत बघून आपल्या माणसाने राज्य महाराष्ट्र टाकलं आणि खोकं आधी कोल्हापूर फिरून आलं. आम्हा सीमाभागातल्यांना याची सवय आहे. पिनकोड ५९० ने सुरू होतो, एवढं तरी बघायचं की!

खरी तक्रार आपल्या जाहिरातीबद्दल आहे. ‘नवशिक्यांसाठी सोपा, फक्त उजेडावर वाढतो’ असं आपण लिहिलंत. कित्येक तपकिरी-जांभळ्या जातींच्या अंगात शैवाल असतं, ते उजेडावर अन्न तयार करतं, म्हणून त्या तगतात. हा होता लालभडक. अशा लाल, केशरी, पिवळ्या जातींत बहुतेक वेळा ते शैवाल नसतंच. त्यांना प्रवाहाबरोबर वाहत येणारं बारीक खाद्य दिवसातून अनेकदा लागतं. मला हे कळलं तिसऱ्या आठवड्यात. तोवर मी वेडा लाइटच वाढवत बसलो होतो. खाऱ्या पाण्याची सापेक्ष घनता १.०२५, तापमान २५ अंश, पावसात वीज जाते म्हणून वेव्हमेकर (टाकीत लाटा करणारा पंप) इन्व्हर्टरवर. सगळं जागच्या जागी, आणि जीव मात्र उपाशी.

पॉलिप (अंगावरची फुलासारखी बारीक तोंडं) उघडत नाहीत म्हणून फोन केला, तर आपला प्रतिनिधी म्हणाला, ‘कात टाकतोय, थांबा.’ गॉर्गोनियन मेणासारखा पापुद्रा टाकतो हे खरं आहे, पण त्यानंतर पॉलिप पुन्हा बाहेर येतात. इथे ते आलेच नाहीत.

आता कागदांचं. गॉर्गोनियन म्हणजे समुद्रपंखा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो २००१ साली घेतला गेला. आपल्या समुद्रातून काढून तो विकणं गुन्हा आहे. फोनवर ‘परदेशातून आणलाय, फार्ममध्ये वाढवलेला आहे’ असं सांगितलं गेलं. आयातीचा कागद मात्र तीन मेल करूनही आला नाही. घेण्याआधीच मागायला हवा होता, ती चूक माझी. पण कागद नसेल तर आपल्याबरोबर माझीही मान अडकते.

तेव्हा पंधरा दिवसांत पूर्ण पैसे परत करावेत, जाहिरातीतली माहिती दुरुस्त करावी आणि हा जीव नेमका कुठून आणला ते लेखी कळवावं. न झाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच दावा लावता येतो, त्यामुळे आपल्या शहरात हेलपाटे घालायचा प्रश्न नाही. आणि कागद आला नाही तर वन खात्यातही मी स्वतः जाऊन सगळं सांगणार आहे. काडी धुऊन बाटलीत ठेवली आहे.

आपला,
एक ग्राहक
टिळकवाडी, बेळगाव

सोबत : पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पहिल्या दिवसापासूनचे फोटो