अपघातग्रस्ताच्या अंगावर पाणी ओतू नका

संपादक महोदय,
स. न.

रक्तस्रावाने हृदय थांबलेल्या जखमीला गार करून वाचवण्याच्या प्रयोगाचा व्हिडिओ परवा भाच्याने पाठवला. "मावशी, म्हणजे अपघात झाला की बर्फ लावायचा का?" असं त्याने विचारलं. अनेकांना असंच वाटेल, या धास्तीने हे पत्र लिहिते आहे.

प्रयोग खरा आहे. अमेरिकेत बाल्टिमोरला मेरीलँड विद्यापीठाचे डॉ. सॅम्युअल टिशरमन यांच्या पथकाने तो माणसावर केल्याचं २०१९मध्ये जाहीर झालं. गोळी किंवा चाकू लागून हृदय बंद पडलेल्या, इतर कशालाही दाद न देणाऱ्या रुग्णाच्या महाधमनीत बर्फासारखं गार सलाइन सोडतात आणि शरीर १० ते १५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवतात. मेंदूची प्राणवायूची गरज घटते आणि फाटलेली रक्तवाहिनी शिवायला सर्जनना सुमारे दोन तास मिळतात. मग हृदय-फुप्फुस यंत्रावर रुग्णाला पुन्हा ऊब देतात. या सगळ्याला सुसज्ज ऑपरेशन थिएटर लागतं.

ज्याचं हृदय अजून धडधडतं आहे, त्याला मात्र हीच थंडी मारते. अंग गार पडलं की रक्ताची गुठळी नीट होत नाही, जखम वाहतच राहते.

मी तीस वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली बरीचशी सातारा जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत. डिसेंबरातल्या एका पहाटे खंबाटकी घाटातून एक तरुण आणला. मांडीचं हाड मोडलेलं, शर्ट चिंब ओला. शुद्धीवर यावा म्हणून लोकांनी कळकळीने त्याच्यावर दोन बाटल्या पाणी ओतलं होतं. ओठ निळसर, हात बर्फासारखे. काखेत थर्मामीटर लावला, पारा हललाच नाही. आमच्या थर्मामीटरची खूणच ३५ अंशांपासून सुरू होत होती! वर एसी चालू, आणि आम्ही फडताळातल्या गार सलाइनच्या बाटल्या एकामागून एक लावत होतो. सुईच्या जागेतूनही रक्त पाझरत राहिलं. तो गेला. ओला शर्ट आम्ही किती उशिरा काढला, हे मला आजही टोचतं.

म्हणून हात जोडून सांगते, जखमीवर पाणी ओतू नका, त्याला पाजूही नका. जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, १०८ला फोन लावा. जमेल तेवढे ओले कपडे काढा, चादर, शाल, घोंगडी, जे हाताशी असेल ते पांघरा. मणक्याला मार असू शकतो, तेव्हा उगाच हलवाहलव नको.

आरोग्य खात्याकडेही मागणं आहे. प्रत्येक रुग्णवाहिकेत दोन कोरडी ब्लँकेटं, प्रत्येक कॅज्युअल्टीत सलाइन कोमट करण्याची सोय आणि ३५च्या खालचं तापमान दाखवणारा थर्मामीटर असायलाच हवा. यांतलं काहीही बाल्टिमोरहून आणावं लागत नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, वाई